तळ्यावर हळदीकुंकू

तर कमलेशला गावात कोणी कमलेश म्हणतच नव्हतं. गिधाड म्हणायचे. तोंडावर! "ए गिधाडा, जरा दूध आन जा," असं त्याची सख्खी चुलती म्हणायची, आणि रागानं नाही हां, अगदी मायेनं. किराणावाला म्हणायचा, "गिधाडाला अर्धा किलो रवा दे रं." पोरगं पंचविशीला आलेलं, उद्या लग्नाची बोलणी होणार, आणि पाहुण्यांनी वेशीवर कमलेशचं घर विचारलं तर गाव म्हणणार, कमलेश कोन? हां हां, आपला गिधाड!

आता हे नाव पडलं कसं, ते आधी ऐका.

कमलेश खालापूरच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये कामाला. स्विमिंग पूल सांभाळायचा. सकाळी जाळीनं पानं काढायची, पाण्यात क्लोरीन टाकायचं, पाहुणे चड्डीवर उतरले की कॉस्च्यूम घाला म्हणून ओरडायचं. तिथे एक पाहुणा दुर्बीण विसरून गेला. कमलेशनं पुष्कळ दिवस वाट पाहिली, मॅनेजरनं फोन करून पाहिला, कोणी आलं नाही, मग ती दुर्बीण कमलेशच्या गळ्यात पडली ती पडलीच. तेव्हापासून पोरगं पाखरं बघत सुटलं. 'कर्जत-खालापूर पक्षीमित्र' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपात शिरलं. त्या ग्रुपाचे ॲडमिन हेमचंद्र सर. कर्जतच्या जुन्या घराण्यातले, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, शब्द असा मोजून बोलणारे की फोनवरसुद्धा स्वल्पविराम ऐकू यावा. तालुक्यात कुठला पक्षी पहिल्यांदा कोणी पाहिला याची नोंद सर ठेवायचे. सरांनी नोंद केली की तो पक्षी खरा. नाही केली तर तुम्हाला भास झाला.

आणि कमलेशनं, गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात, सरांना फोन करून सांगितलं की आमच्या धामणपाड्याला वाळक्या सावरीवर गिधाड बसलंय.

गिधाड! अहो, आपल्याकडे गिधाड शेवटचं कधी दिसलं ते म्हाताऱ्यांनाही आठवत नाही. सर भर पावसात स्कूटरवर आले. मागे दोन कॅमेरेवाले. सगळं गाव लोटलं. सावरीच्या शेंड्याला काळं, मोठं, पंख मिटून बसलेलं. सर दुर्बिणीतून बघतायत, बघतायत, आणि वारा आला. गिधाडानं पंख उघडले. आणि त्याच्या काड्या दिसल्या.

कमलेशच्या काकाची हरवलेली छत्री होती ती. वादळात उडून झाडावर अडकलेली.

सर रागावले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "छत्री आहे. प्रौढ नर असावा."

बास. त्या दिवसापासून कमलेश गिधाड झाला. आणि त्याला जगात एकच गोष्ट हवी होती. सरांच्या नोंदीत एक पक्षी, फक्त एक, आपल्या नावानं लागावा. म्हणजे गावाच्या तोंडासमोर मोबाइल धरता येईल की वाचा, 'नोंद : कमलेश', आणि आता मला माझ्या नावानं हाक मारा.

आता या गावात अजून एक नाव होतं, आणि ते उलट होतं. म्हणजे ते असं नाव होतं की कोणी घ्यायचंच नाही. सरपंच जितेशशेठ. माणूस दिलदार, गळ्यात साखळी, पांढरी गाडी, सगळं जागच्या जागी, फक्त नाक तेवढं देवानं घाईत लावलेलं. बसकं. शाळेत पोरं त्यांना नकटा म्हणायची. शेठ मोठे झाले, सरपंच झाले, आणि तो शब्द गावातून गेला. हजामतीच्या दुकानात एकानं एकदा चुकून उच्चारला तर त्या दुकानाला पंचायतीचं पाणी बरेच दिवस आलं नाही. लोक इतके धसकले होते की शेठसमोर रिक्षा नाक्याला 'रिक्षा फाटा' म्हणायचे. सर्दी झाली तर म्हणायचे, 'तोंडाच्या वरच्या बाजूला त्रास होतोय.' हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर जानेवारी. संक्रांत नुकतीच झालेली. गावामागे तळं आहे, एका बाजूला पाणकणसं माजलेली, दुसऱ्या बाजूला मुंबईवाल्यांच्या प्लॉटांची तार. त्या तळ्यावर बगळे, पाणकोंबड्या आणि धुणं धुणाऱ्या बाया सोडून कधी काही दिसलं नव्हतं. संध्याकाळी कमलेश ड्युटीवरून येताना सवयीनं डोकावला. आणि पाणकणसातून दोन बदकं बाहेर आली. पाळलेली नाही हां. रानची. अंगावर तपकिरी खवले, पाय शेंदरी, चोच काळीभोर. चोचीच्या टोकाला पिवळं, जसं बोट हळदीत बुडवून टेकवलंय. आणि कपाळाशी दोन लाल ठिपके, जसं कुंकू.

हळदीकुंकू! बदकाचं नावच ते. पुस्तकात तेच, सर तेच म्हणतात. बाकीच्या तालुक्यांत असतील ढिगानं, पण आपल्या बाजूला सरांच्या नोंदीत नव्हतं. कमलेशचं काळीज असं उडायला लागलं की दुर्बीण दातांवर आपटली. फोटो काढला, तर त्याच्या फोनमध्ये फक्त पाणी आणि पाण्यात दोन माश्या.

धामणपाड्यात नेटवर्क मिळतं एकाच ठिकाणी, मारुतीच्या देवळाच्या कठड्यावर. त्याच्या बरोब्बर खाली सार्वजनिक नळ. संध्याकाळची वेळ, बायांची हंडे-कळश्यांची रांग. कमलेश धापा टाकत कठड्यावर चढला आणि फोनमध्ये ओरडायला लागला.

"सर! हळदीकुंकू! आमच्या तळ्यावर! … नाय सर, छत्री नाय! हळदीकुंकू! … हो, जोडीनं! … उद्या सकाळी सात वाजता, सर! … या हो सर, सगळ्यांना घेऊन या!"

सर तिकडून फक्त म्हणाले, "फोटोशिवाय नोंद नाही, कमलेश. बघतो." पण ते कोणाला ऐकू आलं? नळावर ऐकू आलं ते इकडचं.

"काय गं, तळ्यावर हळदीकुंकू?"

"सकाळी सातला? सकाळचं कोन करतं?"

"ड्युटीवाल्या बायांसाठी असंल. बिचाऱ्यांना संध्याकाळी कुठं जमतं?"

"जोडीनं म्हनाला गं. म्हंजी नवऱ्याला पन न्यायचा?"

"नवऱ्याला नेऊन काय करू, त्याच्या कपाळाला लावू?"

कमलेश घरी पोचेपर्यंत बातमी त्याच्या आधी पोचली होती. आई दारातच.

"मला सांगायचंस तरी रं! बाहेरून कळतंय आमाला."

कमलेशला भरूनच आलं. आजपर्यंत आईनं दुर्बिणीला कधी हात लावला नव्हता, उलट त्यात जीव घालवतोस म्हणायची. तो म्हणाला, "तू येनार आई?"

"येनार नाय तर काय? साडी कंची नेसू?"

"भडक नको. घाबरतात. हिरवी नेस."

"कोन घाबरतं?"

"हळदीकुंकू गं! आणि हे बघ, वाकून यायचं. एका रांगेत. बोलायचं नाय, बांगड्या वाजवायच्या नाय. सगळ्यांना सांग."

आईला जरा विचित्र वाटलं, पण पोरगं रिसॉर्टवर कामाला, शहरातल्या लोकांत हल्ली असंच करत असतील. तिनं मुद्द्याचं विचारलं, "बरं, वाण कंचं हाय?"

आता कमलेश भातशेतीवाल्याचा पोर. वाण म्हटल्यावर त्याच्या डोक्यात बियाण्याचं वाण आलं, जात आली. तो म्हणाला, "एकदम वेगळं वाण, आई! आपल्या गावात आजवर आलंच नाय असं!"

झालं. आईनं शेजारणीला सांगितलं की वाण वेगळं आहे, गावात कोणी दिलं नाही असं. पहिल्या आळीत त्याचा स्टीलचा डबा झाला. मारुतीच्या देवळापाशी डब्याची इस्त्री झाली. आणि जितेशशेठच्या बंगल्यावर बातमी पोचली तेव्हा तळ्यावर सकाळी सात वाजता कुकर वाटणार होते. तीन लिटरचा. शिट्टीसकट.

जितेशशेठची बायको हर्षलावहिनी. पंचायतीची निवडणूक तोंडावर, जागा या वेळी बाईसाठी राखीव, आणि वहिनींच्या नावाचे बॅनर छापून घरात गुंडाळून ठेवलेले. वहिनी ताडकन उठल्या. "माझ्या गावात, माझ्या तळ्यावर, मला न सांगता कुकर वाटतंय कोन?"

शेठ म्हणाले, "गिधाडाचं नाव घेतायत."

"त्याच्या मागं कोन हाय ते बघा! पूल साफ करनारा कुकर वाटंल? विरोधी पॅनेल हाय हे!" आणि वहिनींनी तिथल्या तिथे टेंपो सांगितला, मंडपवाला सांगितला, स्पीकर सांगितला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत कमलेश बांधाआड पालथा पडून होता. थंडी अशी की दुर्बिणीच्या काचांवर दव. बदकं होती! दोघं पाणकणसाच्या कडेनं चोची पाण्यात बुडवून, शेपट्या वर करून चरत होती. सर येतील, सर येतील, म्हणून तो सारखा रस्त्याकडे बघत होता. आणि रस्त्यावरून गाव आलं.

अरे, काय सांगू! सगळ्या बाया, हिरव्या काठापदरात, नाकात नथी, एकामागे एक, कंबरेत वाकलेल्या, तोंडातून शब्द नाही, डाव्या हातानं उजव्या हातातल्या बांगड्या घट्ट धरलेल्या, आणि शेवटी एकीचा नवरा, तोही वाकलेला. जवान लोक बॉर्डरवरसुद्धा इतक्या शिस्तीत सरकत नसतील. बांधाशी येऊन सगळ्या खाली बसल्या. बदकांनी एकदा मान वर केली, हिरवं दिसलं, परत खाली घातली.

कमलेशच्या डोळ्यांत पाणीच आलं. आपलं गाव! आणि आपण याला नावं ठेवत होतो!

तेवढ्यात त्याच्या शेजारी कोणीतरी धपकन बसलं. मोतीआजी. वय झालेली, कपाळ मोकळं. नवरा जाऊन जमाना झाला होता, त्यामुळे हळदीकुंकवाला तिला कोणी बोलवत नसे, आणि तीही जात नसे.

"आजी, तू?"

"मला कोन बोलावतंय? मी आपली पाखरं बघाया आले. काल तूच वरडत होतास ना तळ्यावर काय आलंय म्हनून? दे ती नळी इकडं."

म्हणजे बघा, अख्ख्या गावात बदकं बघायला आलेली ती एकटी. कमलेशनं दुर्बीण दिली. म्हातारीनं बराच वेळ लावली.

"हां. दिसलं रं. चोचीला हळद लावलीय, कपाळाला कुंकू. नर कंचा यातला?"

"दोघं सारखीच दिसतात, आजी."

"म्हंजी नवऱ्याला पन कुंकू?"

"हो."

आजीनं दुर्बीण खाली घेतली. "बरं हाय," ती म्हणाली. "मग एक मेलं तरी दुसऱ्याला पुसाया लागत नसंल."

आणि पलीकडून टेंपो आला. मागे मंडपाचे बांबू, त्यावर दोन स्पीकर, पुढे हर्षलावहिनी पैठणीत. टेंपो थांबतो न थांबतो तोच मंडपवाल्यानं तोंडाला माइक लावला.

"हॅलो! हॅलो! माइक टेस्टिंग! धामनपाड्याच्या तमाम माता-भगिनींचं…"

फडफडाट! बदकं उडाली. थेट वर गेली, बायांच्या डोक्यावरून एक फेरी, टेंपोवरून दुसरी फेरी. वहिनी तेव्हा टेंपोच्या फळीवर उभ्या राहून, हातात वाणाचा प्लास्टिकचा टब घेऊन, नव्या फोनवर सेल्फी काढत होत्या. त्यांना वर काय चाललंय याचा पत्ता नव्हता. आणि बदकं तारेपलीकडे, डोंगराच्या बाजूला, गेली ती गेली. सर तर आलेच नाहीत.

बाया उभ्या राहिल्या. कंबरा धरल्या होत्या.

"गिधाडा, कुकर कुठं हाय?"

"कसला कुकर?"

"वेगळं वाण म्हनालास ना? आईला विचार तुझ्या!"

"अगं, वाण म्हंजी जात! बदकाची जात! हळदीकुंकू हे बदकाचं नाव हाय!"

मग कोणीतरी पहिलं फिस्स केलं आणि सगळा बांध हसायला लागला. बाया हसतायत, पदर तोंडाला, एकमेकींच्या पाठीवर थापा. "गिधाडानं बदकाचं हळदीकुंकू घातलं गं बाई!" "आन मी नवऱ्याला आंघोळ घालून आनलाय!" आई मात्र हसली नाही. ती नुसती कमलेशकडे बघत होती, आणि ते जास्त लागलं.

बरं, टेंपोत टब होतेच. वहिनींनी टब वाटले, माइकवर दोन शब्द बोलल्या, बायांनी एकमेकींना हळदीकुंकू लावलं, कार्यक्रम झक्कास झाला. विरोधी पॅनेलला कळेपर्यंत टब घराघरांत पोचले होते.

आणि संध्याकाळी वहिनींनी सेल्फी टाकला. गावाच्या ग्रुपवर. देवेशनं, म्हणजे कमलेशच्या जिगरी दोस्तानं, तो मोठा करून बघितला आणि किंचाळलाच. वहिनींच्या खांद्यावर, पंख पसरलेलं, चोच, हळद, कुंकू, सगळं लख्ख! देवेशनं दोस्ताचं भलं व्हावं म्हणून तो लगेच पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकला.

कमलेश कठड्यावर चढून बसला. पाच मिनिटांत सरांचा मेसेज आला.

"उत्कृष्ट. हळदीकुंकू बदक, निःसंशय. धामणपाडा येथील पहिली नोंद : सौ. हर्षला जितेश. अभिनंदन!"

कमलेशनं फोन लावला. "सर, पण ते मी बघितलं होतं. मी काल फोन…"

"फोटोशिवाय नोंद नाही, कमलेश. नियम सर्वांना सारखा." आणि थोडं थांबून, "बाईंचा कोन मात्र फार धाडसी आहे. खालून वर. अभ्यास दिसतो."

आता पुढची गंमत. बायकोचं नाव नोंदीत लागल्यावर जितेशशेठच्या अंगात पक्षीमित्र शिरला. शेठनी पानापानांच्या छपाईची टोपी आणली, तळ्यावर फ्लेक्स लावला, 'पक्षीमित्र सरपंच आपले हार्दिक स्वागत करीत आहेत', त्यावर बदकाचा फोटो लहान आणि शेठचा मोठा. सरांनी शेठना आपल्या ग्रुपात घेतलं. शेठनी मोठेपणानं सरांना गावाच्या ग्रुपात घेतलं. मार्गदर्शक म्हणून. आणि शेठ रोज सकाळी तळ्यावर यायला लागले, कारण बायकोच्या नावावर एक पक्षी आणि सरपंचाच्या नावावर शून्य, हे घरात फार खुपत होतं.

कमलेशही जायचा. सवय. गाव आता त्याला गिधाड म्हणून हाक मारायचं आणि वर विचारायचं, "काय, पुढचा कार्यक्रम काय? बारसं की मुंज?"

असंच एका सकाळी धुकं उठत होतं आणि तळ्याच्या मधोमध एक दगड होता. कमलेश म्हणाला, इथे दगड कुठून आला? दगड फिरला. हंसाएवढं बदक! पोट पांढरं, पाठ काळी पण उन्हात हिरवी-जांभळी चमकणारी, पांढऱ्या मानेवर शाई शिंपडावी तसे ठिपके. आणि चोचीवर, बरोब्बर नाकाच्या जागी, हा एवढा काळा उंचवटा. कोंबड्याचा तुरा चुकून पुढे बसवल्यासारखा.

कमलेशला पुस्तकाचं पान डोळ्यांसमोर दिसलं. या बाजूला कोणीच पाहिलेलं नाही. सरांनी स्वतः पाहिलेलं नाही! नोंद, नोंद, नोंद. या वेळी बदक इतकं मोठं आणि इतकं जवळ की त्याच्या फुटक्या फोनमध्येसुद्धा फोटो येत होता. त्यानं फोन काढला, आधी मेसेज लिहायला घेतला, 'सर, तळ्यावर नक…'

"काय रं, काय दिसलं?"

मागे शेठ. पानापानांची टोपी. कमलेशनं फोन खिशात कोंबला.

"आयला!" शेठ म्हणाले. "केवढं हाय! आणि नाक बघ रं त्याचं! असलं नाक मी कुनाचं बघितलं नाय!" शेठ खरोखर हरखले होते. एवढं नाक बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ना, ते कमलेशनं कधी पाहिलं नव्हतं. "याला म्हनतात काय?"

कमलेशनं तोंड उघडलं. आणि मिटलं.

कारण त्या बदकाचं नाव नकटा.

हो! नकटा! एवढं थोरलं नाक आणि नाव नकटा. कोणी ठेवलं, कुठल्या रागात ठेवलं, देव जाणे, पण पुस्तकात तेच, सर तेच म्हणतात. आणि समोर शेठ उभे, नाकासकट.

"काय रं? नाव काय?"

त्याला हजामतीचं दुकान दिसलं. त्याला आईचा नळ दिसला, कोरडा.

"राजबदक," कमलेश म्हणाला.

"राजबदक!" शेठनी छाती फुगवली. "वाटतंच हाय. सरक जरा." आणि शेठ पाण्याकडे पाठ करून उभे राहिले, हात लांब केला, टोपी सारखी केली, खटॅक. बदक मागे असं ऐटीत तरंगतंय, शेठ पुढे हसतायत. दोघांचे चेहरे बाजूबाजूला. शेठ तिथूनच थेट कठड्यावर गेले आणि फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. 'आपल्या तळ्यावर राजबदक. टिपले : पक्षीमित्र सरपंच.'

अंगठे, फुलं, हात जोडलेले, नुसता पाऊस. कमलेश बांधावर बसून राहिला. आज त्याच्या हातात होतं, आणि त्यानं स्वतःच खोटं नाव सांगून दिलं. निदान छत्रीच्या वेळी तरी त्याला खरं वाटलं होतं.

मग त्याला आठवलं. सर. सर आता गावाच्या ग्रुपात आहेत!

तो देवळाकडे पळत सुटला. कठड्याखाली नळावर बाया उभ्या, प्रत्येकीच्या हातात मोबाइल, आणि एकही बोलत नाही. धामणपाड्याच्या नळावर शांतता! हंडे भरून वाहतायत, कोणी नळ बंद करत नाही. कमलेशनं फोन उघडला. शेठच्या हसऱ्या फोटोखाली सरांनी लिहिलं होतं :

"अप्रतिम! पण 'राजबदक' नव्हे. हा नकटा आहे. चेहरा नीट पाहा, शंकेला जागाच नाही. तालुक्यात अशी नोंद प्रथमच."

त्याखाली परत : "नकटा एकटा असतो की जोडीने? घरच्यांनी कळवावे." म्हणजे सरांना म्हणायचं होतं, गावातल्या पक्षीमित्रांनी.

त्याखाली परत : "फोटोखाली ठळक लिहा : नकटा, धामणपाडा."

सगळ्या गावानं वाचलेलं. निळ्या खुणा. देवेशनं हसण्याच्या नादात अंगठा दिला, लगेच काढला, आणि दोन दिवसांसाठी नेरळच्या मावशीकडे निघून गेला.

कमलेशचा फोन वाजला. शेठ.

"तुझा तो सर राहतो कुठं?" आवाज अगदी शांत.

"शेठ, ते… त्या बदकाचं नावच…"

"देवळापाशी गाडी आनतोय. गाडीत बस."

कर्जतपर्यंत कमलेश मनातल्या मनात सरांसाठी वाक्यं जुळवत होता. सरांनी दार उघडलं आणि सगळी वाक्यं वाया गेली.

"या, या! नकटा पाहिलात म्हणे! काय भाग्य! चहा घेणार?"

शेठ उभेच राहिले. "माझं नाव काढा."

"कशातून?"

"त्या नोंदीतून. त्या… शब्दाच्या पुढं माझं नाव नको."

सरांना काही उमगेना. ते पुस्तक घेऊन आले आणि चित्रावर बोट ठेवून समजावू लागले. "नाव फसवं आहे, हे मान्य. वस्तुतः नाक मोठं आहे. आता तुमच्यासारख्या माणसाला प्रश्न पडणं स्वाभाविक आहे की मग नकटा का…"

कमलेश खोकला. एवढा मोठा खोकला की आतून सरांच्या बायकोनं पाणी आणून दिलं.

"तुमी ते काढा," शेठ म्हणाले.

"पण नोंद कोणाच्या तरी नावानं करावीच लागते. इतका दुर्मीळ पक्षी…"

"ह्याच्या नावानं टाका." शेठनी अंगठा मागे वळवला. "ह्यानंच आधी बघितला. मी साक्षीदार. फोटो माझाच धरा, माझं तोंड कापून."

सरांनी चष्म्यावरून कमलेशकडे पाहिलं. "तू ओळखला होतास?"

"हो सर."

"मग राजबदक का म्हणालास?"

कमलेश शेठकडे बघेना. शेठ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"धुकं होतं, सर," कमलेश म्हणाला.

त्या संध्याकाळी दोन्ही ग्रुपांवर मेसेज पडला. 'नकटा बदक, धामणपाडा तळे. तालुक्यातील पहिली नोंद : कमलेश.' शेठनी आपला फोटो काढून टाकला होता आणि तळ्यावरचा फ्लेक्सही रातोरात उतरवला होता. कमलेशनं मोबाइल आधी आईला दाखवला, मग मोतीआजीला. आजी म्हणाली, "नाव मोठ्यानं वाच." त्यानं इकडे तिकडे बघितलं आणि फक्त शेवटचा शब्द वाचला.

आणि गावाचं सांगू? गावाला नवं नाव लागतंच. गिधाड जुनं झालं होतं. आता ज्यानं नकटा शोधला, त्याला गाव काय म्हणणार, ते काय कोणी शिकवायला हवं? पहिल्याच सकाळी किराणावाल्यानं त्याला येताना बघितलं, तोंड भरून हाक मारायला श्वास घेतला, "काय रं न…" आणि समोरून पांढरी गाडी गेली.

किराणावाल्यानं तो शब्द गिळला.

"काय रं कमलेश," तो म्हणाला. "रवा दिऊ का अर्धा किलो?"